पाचवा हिस्सा गेला कुठे?

आयर्लंडच्या बेटावर पारंपरिक प्रांत किती, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं चार. उत्तरेला अल्स्टर, दक्षिणेला मन्स्टर, पूर्वेला लेन्स्टर आणि पश्चिमेला कॉनाक्ट. रग्बी बघणाऱ्यांना तर ही नावं पाठ असतात, कारण तिथले चार मोठे संघ याच चार प्रांतांचे. अल्स्टरात ९ काउंट्या, मन्स्टरात ६, लेन्स्टरात १२ आणि कॉनाक्टात ५. एकूण ३२. हिशोब चोख.

आता गंमत बघा. आयरिश भाषेत प्रांताला शब्द आहे 'कूगे'. आणि या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'पाचवा हिस्सा'. म्हणजे त्या लोकांच्या मते त्यांच्या देशात चार 'पाचवे हिस्से' आहेत! शाळेतल्या अपूर्णांकाच्या हिशोबाने चार पंचमांशात अख्खं बेट काही बसत नाही. मग उरलेला एक पंचमांश गेला कुठे? समुद्रात बुडाला, की कुणी ढापला?

प्रश्न फालतू वाटतो खरा. पण या एका आकड्याचा माग काढत गेलं की भाषाशास्त्र, जप्तीचे कायदे, कलकत्त्याचा छापखाना, एका देशाची फाळणी आणि एका राष्ट्राध्यक्षांचं पहिलं भाषण एवढं सगळं वाटेत लागतं. त्यामुळे या वीकेंडला विषय एकच: पाच.

(एक सूचना. जुने आयरिश शब्द मी देवनागरीत जमतील तसे लिहिलेत. त्या भाषेचं स्पेलिंग आणि उच्चार यांचं आपसात पटत नाही, त्यामुळे हे उच्चार कामचलाऊ समजा.)

*

आधी शब्दाचं खोदकाम.

साधारण सातव्या ते नवव्या शतकातल्या आयरिशला जुनी आयरिश म्हणतात. तिच्यातले आकडे असे: दोनला 'दा', तीनला 'त्री', चारला 'केथिर', सहाला 'शे', सातला 'शेख्त', आठला 'ओख्त', नऊला 'नोई', दहाला 'देख'. द्वि, त्रि, चत्वारि, षट्, सप्त, अष्ट, नव, दश यांच्या शेजारी ठेवून बघा. युरोपच्या पार पश्चिम टोकावरची भाषा आणि आपली संस्कृत, पण चुलत बहिणी आहेत हे सांगायला पुरावा लागत नाही. दहावीला संस्कृत 'स्कोरिंग' म्हणून घेतलेल्यांना अजून एक गोष्ट आठवेल. त्रयः-तिस्रः-त्रीणि, चत्वारः-चतस्रः-चत्वारि असा लिंगाप्रमाणे छळ चारपर्यंत असतो, आणि पञ्चपासून एकदम सुटका होते. जुन्या आयरिशमध्ये अगदी हेच. दोन, तीन, चार यांची स्त्रीलिंगी रूपं वेगळी, पाचापासून सगळ्यांना एकच. हजारो मैलांवर, हजारो वर्षांनी, सुटका त्याच आकड्याला!

पण पाच हा आकडा मात्र या रांगेत विचित्र दिसतो. जुन्या आयरिशमध्ये पाच म्हणजे 'कोइक'. लिहायचं असं, वाचताना शेवटच्या 'क'चा 'ग' करायचा. आता पञ्च कुठे आणि कोइक कुठे? 'प'चा 'क' कसा झाला?

इथून पुढे हा मामला एखाद्या प्रोजेक्टच्या कमिट हिस्टरीसारखा वाचावा लागतो. कुठला बदल आधी झाला आणि कुठला नंतर, यावर सगळं अवलंबून आहे.

सगळ्या केल्टिक भाषांच्या आजीने कधीतरी एक भयंकर गोष्ट केली. तिने 'प' हा आवाजच काढून टाकला. पितृ या शब्दाचा भाऊ आयरिशमध्ये 'अथिर', म्हणजे वडील. पूर्णचा भाऊ 'लान', म्हणजे भरलेला. लॅटिनमध्ये डुकराला 'पोर्कुस' म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये डुकराचं पिल्लू 'ओर्क'. सुरुवातीचा 'प' गेला की गेला, मागे काही राहत नाही. या नियमाने पाचाचा मूळ शब्द, जो अभ्यासकांनी 'पेंक्वे' असा मांडलाय, त्याचा 'प' उडून स्वराने सुरू होणारं काहीतरी उरायला हवं होतं. पण शब्द तर 'क'ने सुरू होतो.

उत्तर असं की 'प' डिलीट करणारा कमिट यायच्या आधी दुसरा एक बदल होऊन गेला होता. ज्या शब्दात आधी 'प' आणि पुढे 'क्व' असेल, तिथे पुढच्या आवाजाच्या ओढीने आधीचा 'प' सुद्धा 'क्व' झाला. पेंक्वेचं झालं क्वेंक्वे. नंतर 'प' साफ करणारी स्क्रिप्ट चालली तेव्हा या शब्दात उडवायला 'प' उरलाच नव्हता. शब्द वाचला. तोच पुढे झिजून कोइक झाला.

हा पहिला बदल लॅटिनमध्येही झाला. म्हणून लॅटिनमध्ये पाच म्हणजे 'क्विंक्वे'. याच बदलाचा दुसरा नमुना आपल्या स्वयंपाकघरात आहे. शिजवणे या अर्थाचा संस्कृत धातू पच्, त्यावरून पाक, स्वयंपाक. लॅटिनमध्ये 'प'चा 'क' होऊन 'कोक्वो' झालं, त्याच घरातून इंग्रजीत कुक आला आणि कुकवरून कुकर. म्हणजे 'कुकरमधला स्वयंपाक' म्हणताना आपण एकच धातू दोन वाटांनी दोनदा वापरतो. आहे की नाही मजा?

याहून भारी प्रकार समुद्रापलीकडे वेल्समध्ये. वेल्श भाषेत पाचाचा उच्चार होतो 'पिम्प'. पाच आणि पिम्प, वा! शेवटी 'प' सापडला म्हणायचं का? तर नाही. वेल्शच्या शाखेत नंतर सगळ्याच 'क्व'चा 'प' झाला. म्हणजे मूळचा 'प' गेला, त्या जागी 'क्व' आला, आणि त्या 'क्व'चा परत 'प' झाला. आपला 'प' आणि वेल्शचा 'प' यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, फिरून फिरून त्याच जागी येऊन बसलाय. फ्रान्समधल्या जुन्या गॉलिश भाषेनेही हीच वाट धरली. दक्षिण फ्रान्समध्ये ला ग्रोफझांक नावाच्या ठिकाणी पहिल्या शतकातल्या कुंभारांनी भट्टीचा हिशोब ताटल्यांवर कोरून ठेवलाय. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम येतात, आणि पाचव्याला शब्द आहे 'पिंपेतोस'. दोन हजार वर्षांपूर्वीची एक्सेल शीटच ती.

आयर्लंडमध्ये मात्र 'क्व' आणखी काही शतकं टिकला. चौथ्या-पाचव्या शतकापासून तिथले लोक दगडांच्या कडांवर ओघम नावाच्या लिपीत नावं कोरत होते. लिपी एकदम साधी. रेघा मोजायच्या. मूळची २० अक्षरं, पाच-पाचांचे चार गट, प्रत्येक गटात एक रेघ ते पाच रेघा. त्यात 'क्व'ला स्वतंत्र अक्षर होतं, आणि ते काढायला रेघा लागत... पाच! निव्वळ योगायोग असेल, पण ज्या आवाजाने तेव्हाचा 'पाच' सुरू होत होता, तो आवाज पाच रेघांनी लिहायचे. पुढे हा 'क्व'ही झिजला आणि साधा 'क' उरला.

'प' नसण्याची सवय इतकी मुरली होती की ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द आले तेव्हा आयरिश लोकांनी त्यातल्या 'प'च्या जागीही हाच आवाज बसवला. ईस्टरला लॅटिनमध्ये 'पास्खा', आयरिशमध्ये झालं 'कास्क'. रोपट्याला 'प्लांता', त्याचं झालं 'क्लांद', म्हणजे वंश, वंशवेल. तोच इंग्रजीत क्लॅन झाला. गेमिंगमध्ये क्लॅन बनवणाऱ्या पोरांना आपण एक लॅटिन रोपटं वाढवतोय याचा पत्ताही नसतो.

*

आता कुणी म्हणेल, हे सगळं कळलं कुणाला आणि कसं?

जुन्या आयरिशचा सगळ्यात पक्का पुरावा आयर्लंडात नाहीच, तो युरोपातल्या मठांत आहे. आयरिश भिक्षू लॅटिन ग्रंथ घेऊन जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीकडे गेले. पानाच्या समासात, ओळींच्या मधे, अवघड लॅटिन शब्दांवर त्यांनी स्वतःच्या भाषेत टिपा लिहिल्या. आपण कोडमध्ये कॉमेंट टाकतो तशा. वुर्झबुर्गची प्रत आठव्या शतकाच्या मध्याची. सेंट गालमधली लॅटिन व्याकरणाची प्रत नवव्या शतकातली. या सेंट गालच्या प्रतीत एका जागी कुणीतरी ओघम लिपीत एकच शब्द लिहून ठेवलाय: 'लाथेर्त'. अर्थ, रात्रीच्या बिअरचा सकाळचा त्रास. सोमवारी सकाळच्या स्टेटस मेसेजची परंपरा अशी बाराशे वर्षं जुनी आहे :)

या कॉमेंट्सवरून अख्ख्या भाषेचं व्याकरण उभं केलं ते योहान कास्पर झॉइस या बव्हेरियन शाळामास्तराने. त्याचा 'ग्रामातिका केल्टिका' हा ग्रंथ १८५३ साली आला. त्याच्याही आधी, १७८६ मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगताना केल्टिकही त्याच घरातली असावी असं सुचवलं होतंच.

आणि कलकत्त्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. व्हिटली स्टोक्स नावाचा डब्लिनचा वकील १८६२ मध्ये भारतात आला. दिवसा कायद्यांचे मसुदे, उरलेल्या वेळात जुनी आयरिश. आयर्लंडमधली एक प्रसिद्ध जुनी शब्दावली आहे, 'सनस कोर्मिक'. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला लढाईत मारला गेलेला मन्स्टरचा राजा आणि बिशप कोर्मक याच्या नावावर ती आहे. तो वरचा 'लाथेर्त' शब्दही तिच्यात सापडतो. तिचं जॉन ओडोनोव्हनने केलेलं भाषांतर स्टोक्सने संपादित केलं आणि ते छापलं १८६८ साली, कलकत्त्यात! पुढे १८७७ ते १८८२ हा गृहस्थ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. हिंजवडी-बाणेरला फ्लॅट बुक केलेल्यांनी अ‍ॅग्रीमेंट काढून बघा, या कायद्याशी गाठ पडेल. तर ज्या टेबलावर तुमच्या फ्लॅटचा कायदा घडत होता, त्याच टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या आयरिशची हस्तलिखितं पडलेली असणार.

*

बरं, हा पाच वापरात कसा होता?

मराठीत आपण माणसं मोजताना वेगळे शब्द वापरतो. दोन पुस्तकं, पण दोघे भाऊ. तीन खुर्च्या, पण तिघे मित्र. चौघे झाले की आपला उत्साह संपतो आणि 'पाचजण'वर येतो. जुन्या आयरिशने मात्र हे काम दहापर्यंत नेलं. पाचजण म्हणजे 'कोइगेर', सहाजण म्हणजे 'शेशेर'. यातला शेवटचा 'एर' म्हणजे 'फेर', पुरुष. हा आपल्या वीर शब्दाचा सख्खा भाऊ. म्हणजे कोइगेर फोडून सांगायचा तर 'पंचवीर'. आणि सातजणांना काय म्हणायचे माहितेय? 'मोर' शेशेर, म्हणजे 'मोठे सहाजण'! कुणाला सुचलं असेल हे, देव जाणे. आजच्या आयरिशमध्येही माणसं मोजायचे शब्द वेगळेच आहेत.

कालगणनेतही पाच होता. आजच्या आयरिशमध्ये दोन आठवड्यांना 'कोकीश' म्हणतात. मूळ शब्द पंधरा या आकड्यावरून आलेला, त्याच्या पोटात हाच कोइक. थोडक्यात, पंधरवडा. इंग्रज चौदा रात्री मोजतात, आयरिश आणि मराठी माणूस पंधरा.

कायद्यात तर पाच फारच महत्त्वाचा. आयर्लंडच्या जुन्या कायद्यांत जप्तीचं एक मोठं प्रकरण आहे. समोरच्याने देणं चुकवलं नाही तर त्याची गुरं जप्त करता येत, पण लगेच नाही. प्रकरणाप्रमाणे मुदत द्यावी लागे: एक दिवस, तीन दिवस, पाच दिवस किंवा दहा दिवस. पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, अशा समाजात हे दिवस मोजणं म्हणजेच कायदा. एक दिवस आधी गाय ओढून नेली तर तुम्हीच चोर. आणखी एक ग्रंथ आहे, त्याच्या नावाचा अर्थ 'निवाड्याच्या पाच वाटा'. सत्य, हक्क, न्याय, रीत आणि योग्य चौकशी अशा त्या पाच वाटा. खटला यातल्या कुठल्या वाटेने न्यायचा ते आधी ठरवायचं. पंचांसमोर जाणाऱ्या आपल्या लोकांना यात परकं काही वाटू नये.

*

आणि आता तो आपला हरवलेला हिस्सा.

कोइकवरून पाचवा या अर्थाचा शब्द झाला 'कोगेद'. तोच आजचा कूगे. जुन्या काळी आयर्लंडात छोट्या छोट्या टोळीराज्यांची गर्दी होती, दीडशेच्या आसपास असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रत्येकाचा एक 'री', म्हणजे राजा. (हा शब्दही आपल्याच घरातला. राणीला ते 'रीगन' म्हणत, आपली राज्ञी.) त्याच्यावर मोठा राजा, आणि त्याच्याही वर 'री कोगिद', पाचव्या हिश्श्याचा राजा. 'ताइन बो कूलन्ये' या महाकथेत कॉनाक्टची राणी मेव्ह एका बैलासाठी अल्स्टरवर चाल करून जाते, तेव्हा तिच्या बाजूला असतात आयर्लंडचे चार मोठे 'पाचवे हिस्से'. चार विरुद्ध एक. म्हणजे कथेतलं गणित तरी बरोबर जुळतं.

पण हे पाच कोणते, यावर जुन्या लोकांचंच एकमत नाही. उत्तरं दोन आहेत.

पहिलं उत्तर: चार प्रांत आणि पाचवा मधला 'मिदे', म्हणजे आजचा मीथ. या नावाचा अर्थ काय? मध्य. शब्दशः मध्य, कारण मिदे आणि मध्य हे एकाच मुळाचे. या मध्यात उश्नख नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर एक प्रचंड शिळा. तिचं नाव 'वाटण्यांची शिळा'. बाराव्या शतकाच्या शेवटी जेराल्ड ऑफ वेल्सने तिला आयर्लंडची बेंबी म्हटलंय, आणि पाच भावांनी देश वाटून घेतला तेव्हा पाचही वाटण्यांची टोकं या शिळेपाशी भिडत होती अशी कथा दिलीय.

दुसरं उत्तर: मन्स्टर दोन होते, पूर्व आणि पश्चिम, म्हणून पाच. सतराव्या शतकात जेफ्री कीटिंगने आयर्लंडचा मोठा इतिहास लिहिला, त्यात हा हिशोब आहे. तुअथल नावाच्या राजाने नंतर प्रत्येक प्रांतातून एकेक लचका तोडून मीथ बनवला, असंही तो सांगतो. या हिशोबात मीथ हा पाचवा नाहीच, तो पाचांच्या वर्गणीतून उभा राहिलेला.

तिसरा एक दृष्टिकोन आधुनिक अभ्यासकांचा. तारा या राजधानीबद्दलच्या एका मध्ययुगीन कथेत प्रत्येक दिशेला एक गुण वाटून दिलाय. पश्चिमेला विद्या, उत्तरेला युद्ध, पूर्वेला समृद्धी, दक्षिणेला संगीत आणि मध्यभागी राजपद. अल्विन आणि ब्रिन्ली रीस या वेल्श भावांनी १९६१ च्या 'केल्टिक हेरिटेज' या पुस्तकात याची तुलना थेट भारतातल्या दिशा आणि वर्णांच्या मांडणीशी केली. त्यांच्या वाचनात पाच हा जमिनीचा मोजलेला आकडा राहत नाही, ती विश्वाची रचना ठरते. चार दिशा आणि एक केंद्र.

प्रत्यक्षात काय होतं? लिखित इतिहास सुरू होतो तेव्हा अल्स्टर मोडकळीला आलेलं दिसतं. ई नेल घराण्याने त्याचा बराचसा भाग गिळलेला आणि जुने अल्स्टरवाले पूर्व किनाऱ्यावरच्या पट्ट्यात ढकललेले. मोजायला बसलं तर मोठी राज्यं पाचापेक्षा जास्त भरतात. तरीही शब्द मात्र कोगेदच. नॉर्मन लोक आल्यावर ११७२ मध्ये दुसऱ्या हेन्रीने मीथ उचलून ह्यू द लेसी या सरदाराला देऊन टाकला. १५४३ मध्ये त्याचे मीथ आणि वेस्टमीथ असे दोन तुकडे झाले, आणि हळूहळू ते लेन्स्टरमध्ये जमा झाले. मध्य गेला, चार कडा उरल्या. शिळा अजून तिथेच आहे, वेस्टमीथमध्ये.

*

इथपर्यंत हे कोडं वाचायला मजेदार आहे. विसाव्या शतकात ते तसं राहिलं नाही.

ओइन मॅकनील हा उत्तरेकडच्या अँट्रिमचा माणूस. १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग स्थापन करणाऱ्यांपैकी एक, पुढे डब्लिनमध्ये प्राचीन आयरिश इतिहासाचा प्राध्यापक. १९१९ साली त्याचं एक पुस्तक आलं, त्यात या पाच हिश्श्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. रीस बंधूंच्या बरोबर उलट, त्याच्या मते ही वाटणी कल्पना नव्हती, आयर्लंडच्या राजकीय इतिहासातली ती सगळ्यात जुनी खात्रीची गोष्ट होती.

आणि दोनच वर्षांत, १९२१ मध्ये, आयर्लंडची फाळणी झाली. अल्स्टरच्या ९ काउंट्यांपैकी ६ ब्रिटनकडे राहिल्या. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन दक्षिणेकडे आल्या. जुना पाचवा हिस्सा मधून चिरला गेला. नेमकी सीमा ठरवायला तीन जणांचं कमिशन बसलं, आणि त्यात आयरिश फ्री स्टेटचा प्रतिनिधी कोण? ओइन मॅकनील! आयुष्यभर दीड हजार वर्षांपूर्वीच्या सीमा शोधणाऱ्या माणसासमोर आता जिवंत सीमेचा नकाशा होता. नोव्हेंबर १९२५ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ने कमिशनचा आराखडा फोडला. फ्री स्टेटला फारसं काही मिळत नव्हतं, उलट डोनेगलचा काही भाग जाणार होता. देशात गदारोळ झाला, मॅकनीलने कमिशन सोडलं, मंत्रिपदही सोडलं. ३ डिसेंबर १९२५ ला तिन्ही सरकारांनी आहे तीच सीमा कायम ठेवायचा करार केला. कमिशनचा अहवाल दाबून ठेवला गेला, तो १९६९ साली छापून आला. त्याच सुमाराला उत्तर आयर्लंड पेटलं, आणि पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली.

या सगळ्याच्या मधोमध १९७७ मध्ये 'द क्रेन बॅग' या डब्लिनच्या नियतकालिकात रिचर्ड कर्नी आणि मार्क पॅट्रिक हेडरमन यांनी जुना प्रश्न परत काढला. पाचवा प्रांत कुठे आहे? त्यांचं म्हणणं, तो नकाशावर शोधू नका. जिथे चौघांची भांडणं बाजूला ठेवून बोलता येईल ती मनातली जागा म्हणजे पाचवा प्रांत. ३ डिसेंबर १९९० ला मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. शपथविधीच्या भाषणात त्यांनी हाच शब्द काढला. प्रांताच्या जुन्या शब्दाचा अर्थ पाचवा, प्रांत तर चारच, मग पाचवा कुठे, असं विचारून त्या म्हणाल्या की तो प्रत्येकाच्या आत आहे, दुसऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत. तारीख बघा, ३ डिसेंबर. सीमेवर शिक्का बसला त्याला त्या दिवशी बरोबर ६५ वर्षं झाली होती. १० एप्रिल १९९८ ला बेलफास्टचा शांतता करार झाला.

*

आकडा जातो आणि शब्द मागे राहतो, हे आपल्याला नवीन नाही. आपला आठवडा आठवरून आलाय आणि त्यात दिवस सात. क्रिकेटच्या मैदानावर पंच दोनच उभे असतात. पण कोगेदचं खरं भावंड वाटतं ते पंजाब. पंज म्हणजे पाच, त्याच पेंक्वेतून आलेला. १९४७ नंतर भारतातल्या पंजाबातून सतलज, बियास आणि रावी अशा तीन नद्या वाहतात. पाकिस्तानातल्या पंजाबात झेलम, चिनाब, रावी आणि सतलज अशा चार. दोन पंजाब आहेत आणि पाच नद्या दोघांकडेही नाहीत. नाव मात्र दोघांनीही सोडलेलं नाही. आठवड्यातला आठवा दिवस हरवला म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, पंजाबातल्या हरवलेल्या नद्यांचं मात्र येतं. फरक एवढाच की तिथे आकड्याबरोबर माणसं गेली.

मला या सगळ्यात आवडलं ते आयरिश लोकांनी हिशोब दुरुस्त केला नाही हे. प्रांत चार झाल्यावर कूगे बदलून 'चौथाई' अर्थाचा शब्द आणणं काही अवघड नव्हतं. आपण असतो तर व्हेरिएबलचं नाव बदलून रिफॅक्टर करून मोकळे झालो असतो. त्यांनी चुकलेली बेरीज तशीच ठेवली, आणि आठशे वर्षांनी ती कुणाच्या तरी कामाला आली.

आणि हो, २००७ चा वर्ल्डकप आठवतोय? १७ मार्चला आपण बांगलादेशकडून हरलो, त्याच दिवशी आयर्लंडने पाकिस्तानला घरी पाठवलं. तो आयर्लंडचा संघ सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच असतो. रग्बीचाही तसाच. उश्नखची शिळा बघायला कधी जमेल तेव्हा जमेल, तोवर पाचवा प्रांत टीव्हीवर बघायला हरकत नाही.